यादीतलं दहावं नाव

"पुढे काय शिकू?" हा प्रश्न मी सव्वीस वर्षं ऐकते आहे. जावा बेटावरच्या पुर्वोकर्तोच्या आमच्या विद्यापीठात कला आणि समाजशास्त्र शाखेच्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताची पहिली खिडकी माझी. वर पाटी आहे, 'एस-दोन: माहिती व मार्गदर्शन'. एस-एक म्हणजे पदवी, एस-दोन म्हणजे तिच्या पुढची, आणि एस-तीन झालेला माणूस खिडकीशी येत नाही, निरोप पाठवतो. मी स्वतः टायपिंगची पदविका घेतलेली बाई, सगळ्यांची 'बू', म्हणजे मावशी. पण कोणाचा जन्म कशासाठी झाला आहे, हे आजवर हजारेक पोरांना मीच सांगितलं आहे.

मला ते कसं कळतं? माझ्या ड्रॉवरमध्ये एक यादी असते. नऊ अभ्यासक्रम, आणि प्रत्येकापुढे त्या दिवसापर्यंत आलेल्या अर्जांचा आकडा. दहाच्या खाली राहिला तो अभ्यासक्रम त्या वर्षी बंद, असा नियम आहे, आणि एकदा बंद पडलेला अभ्यासक्रम पुन्हा सुरू झालेला मी पाहिलेला नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुख माझ्या खिडकीशी येतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. हातात मेंदोआनचा पुडा असतो. कढईतून अर्धकच्चं उचललेलं गरमागरम तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या, सोबत हिरव्या मिरच्या. 'आमच्याकडे मुलं पाठवा' असं कोणी म्हणत नाही. असं तोंडावर मागणं आमच्याकडे रानटीपणाचं समजतात. मी मेंदोआन खाते, आणि दुपारी जो कोणी गोंधळलेला चेहरा घेऊन येतो त्याला म्हणते, "अरे, तुझ्या तोंडावरच लिहिलंय की भाषाशास्त्र!"

पोरं खूश होऊन जातात. यात काही वाईट आहे असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही.

म्बाक वेनिंग, म्हणजे वेनिंगताई, खिडकीशी आली तो ऑगस्टातला शुक्रवार होता. वेनिंग प्रिहातिनी, वय एकेचाळीस, इतिहास विभागात बारा वर्षं कंत्राटावर शिकवणारी. दर वर्षी जुलैत तिचं कंत्राट संपायचं, आणि दर वर्षी ऑगस्टात कोणीतरी उपकार केल्यासारखं ते पुढे वाढवायचं. तिच्या संशोधनपद्धतीच्या तासाला इतर विभागांतली पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसायची. त्या दिवशी तिच्या हातात विद्यापीठाचं नवं परिपत्रक होतं. कंत्राटी शिक्षकांतून सात जण कायम होणार होते. अट एकच. एस-एक आणि एस-दोन लिनियर हवं. म्हणजे दोन्ही पदव्या एकाच विषयाच्या, एका सरळ रेषेत. मुदत तीस तारखेची.

वेनिंगची एस-एक इतिहासाची होती. एस-दोन मानववंशशास्त्राची.

"माझी रेषा वाकडी आहे म्हणे, बू," ती म्हणाली. "बारा वर्षं शिकवतेय, एकालाही दिसली नाही."

"बस आधी. पाणी पी."

"बसून सरळ होणार आहे का ती?"

मी हसले, पण तिच्याकडे बघायचं टाळलं. कारण ती रेषा कोणी वाकवली ते मला चांगलं ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी ही मुलगी याच खिडकीशी आली होती, इतिहासाचा अर्ज मागायला. मानववंशशास्त्राच्या यादीत त्या दिवशी नऊ नावं होती. तिथले विभागप्रमुख पाक मार्तोयो, म्हणजे मार्तोयो सर, सकाळीच येऊन माझ्या गुडघ्यांची चौकशी करून गेले होते. मी तिला म्हणाले होते, "इतिहास म्हणजे मेलेल्या माणसांचं काम, म्बाक. तुला जिवंत माणसांत बसायला आवडतं, हे तुझ्याकडे बघूनच कळतं. हे घे. हे तुझ्यासाठीच आहे." तिने बाहेर जाऊन दहा मिनिटं विचार केला आणि सही केली. अभ्यासक्रम बंद होण्यापासून वाचला. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी आहे असंही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

मी कोरा कागद ओढला. पर्याय लिहून दाखवायची माझी सवय आहे. लिहिलं की माणसाला वाटतं आपल्यापुढे पर्याय आहेत.

"पहिला," मी म्हणाले. "मानववंशशास्त्राची एस-एक करायची. खालून रेषा सरळ. चार वर्षं."

"अठरा वर्षांच्या पोरांबरोबर? पहिल्या आठवड्यात गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून मैदानात घोषणा द्यायच्या मी?"

"पाटी मी करून देईन. छान रंगवून."

"बू!"

"बरं, दुसरा. इतिहासाची एस-दोन. वरून रेषा सरळ. दोनच वर्षं."

"आणि तिथे संशोधनपद्धतीचा तास कोण घेतं?"

मला माहीत होतं, तरी मी वेळापत्रक उघडून बघितलं. "तू घेतेस."

"मग काय, हजेरी घेताना मीच नाव पुकारू, पळत जाऊन बाकावर 'हजर' म्हणू, आणि परत फळ्याशी येऊ?"

"तसं नाही होणार. ज्या विभागात शिकतो तिथे शिकवता येत नाही, असा नियम आहे. तुझा तास मास अन्जासला देतील."

अन्जास, ज्याला सगळे 'मास', म्हणजे दादा, म्हणतात, तो तिचाच विद्यार्थी. अठ्ठावीस वर्षांचा, एस-एक इतिहास, एस-दोन इतिहास, आणि लग्नही इतिहासाच्याच मुलीशी ठरलेलं.

"आणि कायम नोकरीचं काय?"

"तुझ्या नावापुढे 'प्रक्रियेत' असं लिहितील. काढणार नाहीत. पण त्या सात जागा भरून जातील, म्बाक. पुढच्या कधी निघतील ते देवाला ठाऊक."

तिची आई आजारी, धाकटा भाऊ तिच्यावर अवलंबून, आणि दर जुलैत हिची झोप उडायची, हे मला माहीत होतं. एकेचाळीसच्या वयात तिला फक्त एवढंच हवं होतं की पुढचा जुलै बाकीच्या महिन्यांसारखा जावा.

"तिसरा आहे का काही?"

तिसरा होता. दोन विषय एकाच घराण्यातले आहेत असा दाखला मिळाला तर रेषा सरळ धरतात. हा दाखला विद्याशाखेची एक समिती देते, आणि समितीचे अध्यक्ष होते पाक मार्तोयो. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. अध्यक्षपदाची मुदतही कधीच संपली होती. पण ती संपली आहे हे त्यांना कोण सांगणार, म्हणून ते अध्यक्षच होते. त्यांची दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती.

रविवारी सकाळी सोकाराजा गावचं गेथुक, म्हणजे कंदाची तळलेली गोड वडी, घेऊन आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून बातुराडेनच्या चढाला लागलो. पाक मार्तोयो दारातच होते. झाकणाच्या ग्लासांतून चहा आला. पहिला अर्धा तास रीतीप्रमाणे कोणी कामाचं बोललं नाही. माझे गुडघे झाले, तिची आई झाली, त्यांच्या मिरचीच्या रोपांवरची कीड झाली. मग वेनिंगने जमिनीकडे बघत, एवढ्याशा आवाजात, चिठ्ठीचं सांगितलं.

"हो, हो! का नाही?" पाक मार्तोयो म्हणाले. "लिहितो की. गुरुवारी येऊन घेऊन जा."

"तुम्हाला त्रास होणार नसेल तर, पाक."

"त्रास कसला? त्या वर्षीच्या सगळ्या पोरांत तू हुशार. गुरुवारी नक्की ये. चहा घ्या ना, गार होतोय."

चहा घ्या म्हटल्यावर आम्ही चहा घेतला आणि उठलो. ते फाटकापर्यंत आले. परसातल्या 'राजा' जातीच्या केळ्यांचा अख्खा घड त्यांनी स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवला. "गुरुवारी. नक्की देतो," ते पुन्हा म्हणाले.

"येते ना, पाक," वेनिंग वाकून वाकून म्हणत होती. "गुरुवारी येते. नक्की येते. नक्की."

अर्ध्या उतारावर तिने मला थांबायला सांगितलं. रस्त्याकडेच्या कठड्यावर आम्ही बसलो.

"ऐकलंत ना, बू?"

"ऐकलं."

"तीनदा हो म्हणाले."

"चारदा. फाटकापाशीचं धरून."

"आणि कौतुक केलं माझं."

"आणि केळी, म्बाक. अख्खा घड."

आम्हा दोघींनाही एकमेकींना काही समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याला काम करायचं असतं तो आमच्याकडे कपाळाला आठ्या घालतो, 'अवघड आहे, बघू, वचन देत नाही' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी काम झालेलं असतं. ज्याला करायचं नसतं तो भरभरून हो म्हणतो, गुण गातो, आणि माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून परसातलं काहीतरी हातात देतो. शेंगदाण्याचा पुडा दिला असता तर मी थोडी तरी आशा ठेवली असती.

"गुरुवारी गेलं तर त्यांना काहीतरी सबब शोधावी लागेल," वेनिंग म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी माझ्या गुरूला तोंडावर नाही म्हणायला नाही लावणार, बू. त्यापेक्षा मी बाकावर बसेन."

"मग दुसरा पर्याय," मी म्हणाले.

"दुसरा पर्याय," ती म्हणाली.

प्रवेश बुधवारी बंद होणार होते. सोमवारी सकाळी तिने इतिहासाचा अर्ज भरला. अक्षर काय सुंदर तिचं! आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला लाज वाटते. त्या सोमवारी इतिहासाच्या यादीत नऊ नावं होती. शनिवारी इतिहासाचे विभागप्रमुख माझ्या गुडघ्यांची चौकशी करून गेले होते. कठड्यावर बसून मी त्या केळ्यांचा अर्थ नकार असा लावला, तो खरोखर केळ्यांमुळे की पोटातल्या मेंदोआनमुळे, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गुरुवार आला, आम्ही गेलो नाही. तीस तारीख उलटली. सात जणांना कायम केल्याची यादी भिंतीवर लागली, आणि सातही जणांच्या रेषा सरळ होत्या.

सप्टेंबरपासून वेनिंग मंगळवारी आणि शुक्रवारी वही घेऊन जिना चढू लागली. मास अन्जास बिचारा तिच्याच नोट्सवरून शिकवायचा. ती वर्गात आली की तो उभा राहायचा, तो उभा राहिला की सगळा वर्ग उभा राहायचा, आणि मग ती हात जोडून सगळ्यांना खाली बसवायची. एकदा तिच्या निबंधाला त्याने 'ब' दिला.

"का गं?" मी तिला विचारलं.

"नेमलेल्या नोट्सशी जुळत नाही म्हणाला."

"अगं, नोट्स तुझ्या!"

"मी तेव्हापासून थोडं पुढे गेलेय ना, बू. नोट्स तिथेच आहेत." ती खळखळून हसली. मीही हसले. पण पूर्वी तास संपवून खिडकीवरून जाताना तिची बोटं मार्करच्या शाईने काळीनिळी असायची, आता स्वच्छ असत. माझ्याने ते बघवत नसे.

ऑक्टोबरात एका सकाळी पाक मार्तोयो स्वतः खिडकीशी आले. अंगात बातिक, काखेत छत्री, हातात तपकिरी लिफाफा. माझ्या गुडघ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली.

"म्बाक वेनिंग रागावली आहे का माझ्यावर?" ते म्हणाले.

"छे हो, पाक! तुमच्यावर कशाला रागावेल?"

"त्या गुरुवारी मी सकाळपासून बाहेर बसून होतो. पत्र आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. दुपारपर्यंत वाट बघितली. मग लक्षात आलं."

"काय लक्षात आलं?"

"फाटकापाशी ती किती वेळा म्हणाली, येते, नक्की येते. इतक्या वेळा कोणी म्हणतं का, यायचं असलं तर? मला वाटलं, तिला माझं पत्र नको असेल. सोबत तुम्ही होतात म्हणून ती मान राखायला आली असेल. मग पत्र घरी पाठवून तिला संकोचात कशाला टाकायचं? ठेवून दिलं." त्यांनी लिफाफा खिडकीतून आत सरकवला. "काल कळलं, ती वर बाकावर बसते आहे."

मी लिफाफा उचलून बघितला. लिफाफ्यावर तारीख होती सत्तावीस ऑगस्ट.

"वर कार्यालयात जाऊन आलो आत्ता," ते म्हणाले. "त्यांना विचारलं, अजून काही होईल का."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हो हो, नक्की बघतो."

"तिला द्या," ते म्हणाले आणि छत्री उघडून निघाले. बाहेर ऊन होतं. पण त्यांना तोंड झाकायला काहीतरी हवं असावं.

तासांच्या मधल्या सुटीत मी वेनिंगला खाली बोलावलं. काय झालं ते सांगितलं आणि लिफाफा दिला. ती खिडकीशी उभी राहूनच वाचू लागली. दोन ओळींची चिठ्ठी असेल असं मला वाटलं होतं. चांगला पानभर मजकूर होता. सव्वीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला उलटा कागद वाचता येतो. वर दोन्ही विषय एकाच घराण्यातले असल्याचा दाखला होता. खाली लिहिलं होतं की सदर उमेदवार मुळात इतिहासासाठी आली होती. त्या वर्षी आमचा अभ्यासक्रम बंद पडू नये म्हणून तिला इकडे वळवण्यात आलं. रेषा वाकली असेल तर ती विभागाने वाकवली आहे, तिने नाही, आणि तेव्हाचा विभागप्रमुख म्हणून त्याची जबाबदारी माझी आहे. खाली सही.

माझं नाव कुठेच नव्हतं. म्हाताऱ्याने तिथेही मला सांभाळून घेतलं होतं.

वेनिंगने शेवटची ओळ दोनदा वाचली. "मला कोणी वळवलं, बू?"

मी काहीही सांगू शकले असते. खिडकीमागून इतकी वर्षं तेच करत आले होते. "मी," मी म्हणाले. "नऊ होते. तू दहावी. आणि ऐकायचंच असेल तर सगळं ऐक. यंदा इतिहासातही नऊच होते."

वर जिन्याच्या तोंडाशी मास अन्जास उभा होता. ती आल्याशिवाय तास सुरू करायचा धीर त्याला होत नव्हता, आणि तिला हाक मारायचाही होत नव्हता. तिने पत्र घडी घालून वहीत ठेवलं.

"मला मानववंशशास्त्र फार आवडलं, बू," ती म्हणाली. "ती दोन वर्षं मी खूप आनंदात होते. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिकडे फिरकले नसते. खरंच. इतिहासातही मजा येतेय, पोरं चांगली आहेत. तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका. खरंच आवडलं मला." तिने खिडकीतून हात घालून माझा हात दाबला, नेहमीसारखी गोड हसली, आणि वर गेली.

त्या वर्षी सात जागा भरल्या त्या भरल्या. नव्या निघालेल्या नाहीत. वेनिंग अजून येता-जाता खिडकीशी थांबते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. तिने मला माफ केलं आहे का, एवढंच मला हवं आहे. रोज वाटतं, विचारून टाकावं. पण विचारलं तर ती हो म्हणेल.